आधी उलटी बाजू

पहाटे साडेपाच

जानेवारीतल्या जबलपूरला या वेळी बादलीत हात घालणं म्हणजे शिक्षाच. पण रात्री भिजत घातलेली मलमल आत्ताच पिळून गच्चीवर टाकली नाही, तर दुपारपर्यंत वाळत नाही आणि उद्याचं बेतणं परवावर जातं. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. शिवाय त्यातली खळ निघालेली नसेल तर ते अंगाला टोचतं. मोठ्या माणसाचा कुर्ता बोटभर आटला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बाळाच्या झबल्याचा गळा तेवढाच आटला तर तो मानेला आवळतो. म्हणून एकदा रिठ्याच्या पाण्यातून, एकदा साध्या पाण्यातून. दुकानातल्या चकचकीत डब्यातल्या सेटांना हे सोपस्कार कोण करत बसतंय!

संक्रांत आठवड्यावर आली आहे. बारशांना हंगाम नसतो, बाळंतविड्याचं काम बारा महिने चालतं. बोरन्हाणाची काळी झबली मात्र संक्रांत ते रथसप्तमी एवढ्याच दिवसांत लागतात, आणि ती शिवायची आठवण लोकांना डिसेंबर सरल्यावर होते. आज त्यांचाच दिवस.

सात

चहा, डबे, मोटरचं पाणी. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आठ ते अकरा

काळं कापड सकाळच्या उजेडातच बेतायचं आणि शिवायचं, हा या घरचा नियम. दिव्याखाली काळ्यावरचा काळा दोरा दिसत नाही, टीप सुटली तर पत्ता लागत नाही. पूर्वेच्या खिडकीखाली सतरंजी, सतरंजीवर कापडाची चौघडी, तिच्यावर जुन्या वर्तमानपत्राचं कापलेलं माप. खडूनं आखायचं, शिवणीला अर्धा इंच सोडायचा आणि मग कात्री.

मापांची गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि ती कुणाला खरी वाटत नाही. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर लांबीचं बाळ वर्षात ७५च्या आसपास पोचतं. वजन पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरवरून ४६वर जातो, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या चार महिन्यांतच होऊन जाते. म्हणजे बारशाच्या दिवशी डोक्यावर अचूक बसलेलं टोपरं पुढच्या महिन्यात घट्ट. त्यावर उपाय एवढाच, की टोपऱ्याच्या मागे दोन चुण्या कच्च्या टाक्यानं घालून ठेवायच्या. उसवल्या की तेच टोपरं अजून दोन महिने चालतं. झबलं डोक्यातून घालायचं शिवतच नाही. अंगरख्यासारखं एकावर एक घेऊन बाजूला बंद बांधायचे. मान न धरणाऱ्या बाळाला ते निजल्यानिजल्या घालता येतं आणि बंद सैल करत गेलं की मापही वाढतं.

बोरन्हाणाला येणारी मुलं जरा मोठी, बहुतेक सहा महिन्यांच्या पुढची. झबल्यावर पांढरे ठिपके हवेत, तिळासारखे, हलव्यासारखे. बाजारात काळ्या सॅटिनवर प्लॅस्टिकचे मोती चिकटवलेली झबली मिळतात. सहा महिन्यांच्या मुलाच्या हातात जे येतं ते तोंडात जातं, आणि डिंकानं चिकटवलेला मोती तिथे किती वेळ टिकेल? मी पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी भरते. वेळ चौपट लागतो. हलव्याचे दागिने आयांनी हौसेनं घालावेत, पण फोटो झाला की लगेच काढावेत. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे डोक्यावरून ओतताना आजूबाजूची मोठी मुलं ती वेचायला धावतात, त्या गडबडीत बाळानं काय उचललं हे बघायला एक माणूस वेगळं नेमावं. कापडाशी याचा संबंध नाही, पण झबलं देताना हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अकरा

दोघी मदतनीस येतात. एक शेजारच्या गल्लीतली, दुसरी रांझीहून. आमची बोली मिश्र: माप मराठीत, भांडण हिंदीत. नवीन आलेली पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारत होती, ‘‘दीदी, ये सिलाई बाहर क्यों? उल्टा सिल गया क्या?’’

उलटं नाही, तसंच शिवायचं. अगदी नवजात बाळाच्या झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला येते. कापडाच्या आतल्या बाजूला बाळ असतं आणि बाहेरच्या बाजूला पाहुणे. शिवणीचा उंचवटा, दोऱ्याची गाठ, उसवलेला धागा, सगळं पाहुण्यांच्या बाजूला जाऊ दे. तीन महिन्यांच्या पुढच्या मापाला मी शिवण आत घेते, पण दुहेरी दुमडून, कापडाची कच्ची कड कुठेही उघडी न ठेवता. ओव्हरलॉक मारलं की काम झटपट होतं हे मलाही माहीत आहे. पण त्या पॉलिस्टर दोऱ्याची खरखर स्वतःच्या गालावर घासून बघा. गळ्याला आणि बाह्यांना उरेब पट्टी, तीही त्याच मलमलीची. उरेब कापलेली पट्टी ताणली जाते, गळ्याच्या गोलाईवर चुणी न पडता बसते. सरळ पट्टी लावली तर गळा पत्र्यासारखा ताठ उभा राहतो.

झबलं पुरं झालं की तपासणी. मी ते उलटं करते, डोळे मिटते आणि आतून बोट फिरवते. जिथे बोट अडेल तिथे उसवायचं.

एक

जेवण आणि फोन, एकाच वेळी. आजचा फोन गोरखपूरच्या आजींचा. हे आमचं जबलपुरातलं गोरखपूर, उत्तर प्रदेशातलं नव्हे. नातवाचं बारसं पुढच्या आठवड्यात आहे.

‘‘कुंची सॅटिनची कर गं. झालर, लेस, मोती, सगळं. पहिला नातू आहे, चमकायला नको?’’

‘‘चमकेल की आजी. वरून खण घेऊ, आतून मलमलीचं अस्तर. मोती नकोत.’’

‘‘माझ्या लेकाच्या कुंचीला होते.’’

‘‘तेव्हा फोटोग्राफर एक फोटो काढायचा आणि कुंची कपाटात जायची. आता घरातला प्रत्येक फोन तासभर चालू असतो.’’

आजी हसल्या. मोत्यांवर तडजोड झाली, झालरीवर नाही. झालर ठेवू, पाठीवर, मानेपासून लांब.

कुंचीच्या बंदांवर मी दरवेळी अडते. बंद नसतील तर ती डोक्यावर राहत नाही, आणि बाळाच्या मानेभोवती नाडी असणं मला पटत नाही. अमेरिकेत ग्राहक सुरक्षा आयोगानं १९९६ साली मुलांच्या कपड्यांतल्या टोपीच्या आणि गळ्याच्या नाड्यांबद्दल सूचना काढल्या. घसरगुंडीत, झोक्यात नाडी अडकून मुलं गुदमरली होती. युरोपच्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी चालतच नाही. हे मला न्यू जर्सीच्या एका मुलीनं शिकवलं. तिच्या आईनं इथून पाठवलेली कुंची तिनं बारशाला घातली आणि मग बंद कापून टाकले. मला राग आला नाही, पटलं. आता बंद ठेवते ते चार बोटं लांबीचे, गाठ बसणार नाही, नुसता अडकवता येईल असे. कुंची अंगावर घालून बाळाला पाळण्यात ठेवायचं नाही, मांडीवरच ठेवायचं, हे आजींना दोनदा सांगितलं. त्यांनी ‘‘हो गं बाई’’ म्हटलं. करतील की नाही, देव जाणे.

खण इथे मिळत नाही. तो नागपूरहून येतो. १९५६पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, नागपूर राजधानी. रेल्वे, कचेऱ्या, कोर्ट, पुढे तोफगाडीचा आणि दारूगोळ्याचा कारखाना, यांच्यामागे मराठी घरं इथे येत राहिली आणि सोयरिकी नागपूरकडे होत राहिल्या. बाळंतपणाला माहेरी गेलेली सून परत येताना बाळ आणि बाळंतविडा दोन्ही घेऊन यायची, गोंदियावरून येणाऱ्या त्या नॅरोगेजच्या गाडीनं. ती गाडी २०१५ साली बंद झाली. आता त्या मार्गावर मोठी लाइन आहे, आणि खण बहुतेक वेळा कुरिअरनं येतो.

तीन

बाजार. कमानिया गेटाखालून फुहाऱ्याकडे. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेल्या या दरवाजाखालून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषबाबू आठवतात कोण जाणे. मला तरी जवळच्या खव्याच्या जिलबीचा वास आधी येतो. आज मनगट्यांसाठी काळा दोरा, पांढरी फलालीन दोन मीटर, पाव इंची सुती लेस. लेसच्या दुकानात नायलॉनची लेस ढिगानं असते आणि सुती लेस मालकाला आतून शोधून आणावी लागते. तो दरवेळी सांगतो, नायलॉनची स्वस्त आहे आणि दिसतेही छान. दिसते, खरं आहे.

हे शहर शिवण्यावर जगतं, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. जबलपूरचे सलवार-सूट थेट दक्षिणेपर्यंत जातात. गोहलपूरच्या बाजूला घराघरांत मशिनी चालतात. त्याच्याही आधी, १८३०च्या दशकात, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी इंग्रजांनी इथे उद्योगशाळा काढली आणि त्यांना तंबू शिवायला, गालिचे विणायला बसवलं. रुमालानं गळे आवळणाऱ्यांच्या पोरांच्या हातात सुई आली. या गोष्टीवर कादंबऱ्या निघाल्या, पण त्या तंबूंची शिवण कशी होती हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

गोहलपूरकडून मी कतरन घेते, किलोवर. सुती तेवढी निवडायची, बाकीची परत. बाहुल्यांच्या पोटात तीच जाते.

पाच ते साडेसात

हे माझे आवडीचे अडीच तास. मशीन बंद, मांडीवर दुपटं, हातात सुई.

बाळंतविड्यात लोक झबल्या-टोपऱ्यांकडे बघतात, पण बाळ खरं जगतं ते दुपट्यात. चांगलं दुपटं नव्या कापडाचं होत नाही. आज मांडीवर आहे ती एका पणजीची नऊवारी, हिरवी, काठ विटलेले. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती पातळाची खळ केव्हाच गेलेली असते, पीळ मोकळा झालेला असतो, आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. बाळाला पहिले दिवस जुनेरंच घालायचं, असं बायका का म्हणत आल्या? कुणी दृष्टीचं कारण देतं. मला तरी त्यामागे कापडाची जाण दिसते. आमच्या बुंदेली शेजारणींकडे छठीला आत्या नवा कुर्ता-टोपी आणते, पण बाळाच्या अंगाखाली मात्र जुन्या धोतराचीच कथरी असते.

अडचण देणाऱ्याची असते. भेट म्हणून जुनं कसं द्यायचं? मग मी काठाला नव्या चिटाची पट्टी लावते. देणाऱ्याचं समाधान काठावर, बाळाचं मध्ये.

नऊवारी साधारण आठ मीटरची. बसून-उठून विरलेला भाग काढून टाकला की तिहेरी दुपटी दोन निघतात, आणि उरल्यासुरल्यात लंगोट. लंगोट आता कमी लागतात. रात्री आणि बाहेर जाताना डायपर, दिवसा घरात लंगोट अशी वाटणी बऱ्याच घरांनी केली आहे आणि ती मला शहाणपणाची वाटते. थर एकमेकांवर पसरून आधी कडेनं मोठे कच्चे टाके, मग कडेपासून आत धावदोरा. टाके बारीक हवेत, पण घट्ट नकोत. घट्ट ओढले तर दुपटं कडक होतं. प्रत्येक ओळ संपताना गाठ मारायची नाही. दोरा उलटा फिरवून दोन टाके मागे घ्यायचे आणि थरांच्या आत सोडायचा. एका दुपट्याला दोन-तीन संध्याकाळी जातात. त्याचे पैसे सांगितले की लोक म्हणतात, ‘‘जुन्याच साडीचे एवढे?’’ साडी तुमचीच असते. मी संध्याकाळींचे पैसे घेते.

पण जुनं पातळ घेताना माझा पहिला प्रश्न असतो, ‘‘कशात ठेवलं होतं?’’ ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेलं असेल तर ते मी तसं हातात धरत नाही. या गोळ्यांतल्या नॅप्थलीनची वाफ कापडात मुरते. ज्या बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीननं फुटतात, कावीळ चढते, कधी जिवावर बेततं. मध्य भारतात, विशेषतः आदिवासी समाजांत, ही कमतरता बऱ्यापैकी आढळते, आणि आपल्या बाळात ती आहे की नाही हे जन्मताच बहुतेकांना माहीत नसतं. कुणी पन्नास वर्षं जपलेली आजोबांची कुंची ट्रंकेतून थेट बाळाच्या डोक्यावर घालू नये. आधी धुणं, मग बरेच दिवस कडक ऊन आणि वारा. वास जरासा जरी राहिला, तर ती कुंची चौकटीत लावावी, बाळाला घालू नये. कपडे जपायला कडुलिंबाचा वाळलेला पाला आहे, वेखंड आहे.

राईची उशी मी शिवणं बंद केलं आहे. डोकं गोल होतं म्हणून ती हौसेनं मागतात. बालरोगतज्ज्ञ वर्षाखालच्या बाळाला झोपताना उशी नको, सैल पांघरूण नको असं सांगतात. नाकातोंडावर येऊन श्वास अडण्याची भीती असते. दुपट्यात गुंडाळतानाही हात आवळले तरी चालतील, पाय मोकळे हवेत. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा जागेवर बसत नाही. बाळानं बेडकासारखे पाय दुमडावेत, आतल्या आत लाथा माराव्यात एवढी जागा ठेवावी. यावर आज्या माझ्याशी भांडतात. भांडू देत. कारखान्यातल्या पोरांना भाषण देणाऱ्या फोरमनसारखी मी बोलत सुटते, हे मला कळतं, पण दुपटं विकून गप्प बसणं जमत नाही.

आठ

जेवणानंतर मशिनीवर बसायचं नाही, डोळे साथ देत नाहीत. बाहुल्या, चिमण्या, कापडी हत्ती यांना हा वेळ. कापायचं सगळं दिवसा झालेलं असतं, आता पोटात कतरन भरायची आणि तोंड शिवायचं. डोळे दोऱ्याचे. बटणाचे डोळे गोंडस दिसतात, पण तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला कुठलाही सुटा होऊ शकणारा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळीत पूर्ण मावता कामा नये असा दंडक आहे, आणि शर्टाचं बटण त्यात सहज मावतं.

१ जानेवारी २०२१पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. माझ्यासारख्या घरी बसून शिवणाऱ्या बायकांनी ती नोंद करून घ्यावी. पण सूट शिक्क्यापुरती आहे. बाळाच्या घशाला हातानं शिवलेलं आणि यंत्रानं शिवलेलं सारखंच. म्हणून प्रत्येक चिमणीची चोच, पंख, शेपूट मी दोन्ही हातांनी ओढून बघते. निघालं तर माझ्याकडे निघू दे.

साडेनऊ

इस्त्री आणि बांधाबांध. उद्या एक बाळंतविडा मुंबईला जायचा आहे, गरीबरथनं जाणाऱ्या एका काकांबरोबर. चार झबली, दोन टोपरी, एक कुंची, तीन दुपटी, लंगोट, एक चिमणी. सगळ्यांत खाली मोठ्या मापाची झबली, वर नवजाताची. टाचण्या मोजून घेते. बेतताना जेवढ्या लावल्या तेवढ्या डबीत परत आल्याशिवाय पिशवीचं तोंड बांधत नाही. आत एक चिठ्ठी: वापरण्यापूर्वी पुन्हा एकदा धुवा, साबण पूर्ण जाऊ द्या, उन्हात उलटी बाजू वर करून वाळवा.

दहाला दिवा बंद. उद्याची मलमल भिजत घातलेली आहे.

ज्यांना कुणाच्या बारशाला शिवलेलं काही द्यायचं आहे, त्यांनी शिवणाऱ्या बाईला महिनाभर आधी सांगावं, आणि मुलगा की मुलगी हे विचारत बसण्यापेक्षा बाळ कोणत्या महिन्यात होणार आहे ते सांगावं. डिसेंबरात जन्मलेल्या बाळाला फलालीनची चार झबली मिळतात आणि तीन महिन्यांनी, आमच्या जबलपूरचं ऊन तापायला लागलं की, त्यातलं एकही अंगावर घालता येत नाही. तेव्हा एखादं झबलं आत्ताचं द्या, बाकीची सहा महिन्यांच्या मापाची, मलमलीची.